साडेसात लाखांची रेघ

पुण्यातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलासमोर तीन खुर्च्या असतात. एप्रिल उजाडला की जुलै संपेपर्यंत त्या क्वचितच रिकाम्या दिसतात. मधल्या खुर्चीवर मुलगा किंवा मुलगी, दोन्ही बाजूंना आईवडील, वडिलांच्या मांडीवर कागदांनी फुगलेली पिशवी. टेबलामागे बसणाऱ्या अधिकारी बाईंना सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणतात. पिशवी उघडण्याआधी मॅडम एकच प्रश्न विचारतात, “हेच विद्यापीठ का?”

इंजिनिअरिंगच्या, बायोटेकच्या, डिझाइनच्या मुलांनाही त्या हाच प्रश्न विचारतात. पण फायनान्सच्या पदव्युत्तर पदवीसाठी निघालेलं मूल समोर असलं, की त्या उत्तराची जरा जास्त वाट पाहतात. पैसा आज गुंतवायचा आणि तो पुढे किती वर्षांत, किती जोखमीवर परत येणार, हे मांडायला शिकण्यासाठीच तर हे मूल निघालेलं असतं. त्याच्या घराण्यातली सगळ्यात मोठी गुंतवणूक बहुधा हीच पदवी असते. आणि तीच मांडून पाहिलेली नसते.

“रँकिंग चांगलं आहे.” “ताईची मैत्रीण तिथंच आहे.” “कन्सल्टंट म्हणाले, तिथं पटकन होतं.” “त्यांनी पाच हजार पौंडांची स्कॉलरशिप दिली.” गेल्या पंधरा-सोळा वर्षांत उत्तरं फारशी बदललेली नाहीत.

मॅडम सातारा जिल्ह्यातल्या. बी.कॉम. झाल्यावर क्लार्क म्हणून बँकेत लागल्या, जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा देत अधिकारी झाल्या, आणि २००९च्या सुमारास शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर आल्या. परदेशी विद्यापीठांबद्दल त्यांना तेव्हा काहीही ठाऊक नव्हतं. जे कळलं ते फायलींमधून कळलं. मंजूर केलेल्या फायलींमधून कमी आणि पुढे थकलेल्या फायलींमधून जास्त.

थकलेल्या फायलींमधली एक २०११ची. कोथरूडच्या एका दुकानदाराचा मुलगा ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या एमएस्सी फायनान्सला गेला. सगळं गणित एका गृहीतकावर उभं होतं : अभ्यासक्रम संपल्यावर दोन वर्षं तिथं राहून काम करता येतं, त्या कमाईतून निम्मं कर्ज फिटेल. एप्रिल २०१२मध्ये ब्रिटनने ती सोयच बंद केली. मुलाचा अभ्यासक्रम संपायला तेव्हा चार-पाच महिने उरले होते. तो परत आला, मुंबईत नोकरीला लागला आणि रुपयातल्या पगारातून पौंडांतला खर्च फेडत राहिला. २०२१च्या उन्हाळ्यात ब्रिटनने ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने दोन वर्षांची मुभा पुन्हा सुरू केली, त्याच सुमाराला त्याचा शेवटचा हप्ता जमा झाला. पेढे घेऊन तो शाखेत आला होता. मॅडमना त्या पेढ्यांचा आनंद झाला आणि घास गिळवेना, असं दोन्ही झालं.

तेव्हापासून त्या प्रत्येक मुलाला सांगतात, की विद्यापीठ निवडताना तू त्या देशाचा व्हिसाचा नियमही निवडतोयस, आणि नियम तुझ्या पदवीपेक्षा लवकर बदलू शकतो. आताच पाहा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ब्रिटनने ती दोन वर्षं अठरा महिन्यांवर आणली आहेत. त्यानंतर राहायचं तर कुशल कामगाराचा व्हिसा हवा, आणि त्यासाठीची पगाराची सर्वसाधारण मर्यादा २०२४च्या एप्रिलमध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली, २०२५च्या जुलैत ४१,७०० वर. नवख्यांना थोडी सवलत असते, पण लंडनबाहेरच्या एखाद्या छोट्या कंपनीला एवढा पगार देऊन नवखा माणूस परदेशातून घेणं परवडतं का, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेचं वेगळं. तिथं फायनान्सच्या पदवीचं नुसतं नाव पाहून चालत नाही. त्या अभ्यासक्रमाला सरकारी वर्गीकरणात कोणता क्रमांक दिला आहे ते पाहावं लागतं. साध्या फायनान्सच्या वर्गात मोडला तर पदवीनंतर वर्षभर काम करता येतं. फायनान्शियल मॅथेमॅटिक्ससारख्या ‘स्टेम’ यादीतल्या वर्गात मोडला तर आणखी चोवीस महिने मिळतात. एकाच शहरातली दोन विद्यापीठं, जवळजवळ तेच विषय, आणि एकात एक वर्ष तर दुसऱ्यात तीन. हा क्रमांक माहितीपत्रकाच्या चकचकीत पानांवर नसतो. मॅडम मुलांना विद्यापीठाला ईमेल लिहून तो विचारायला लावतात आणि आलेल्या उत्तराची प्रिंट फायलीला लावतात. बँकेच्या नियमात असं काही नाही. हा त्यांचा स्वतःचा नियम.

त्यांचा आणखी एक नियम आहे, आणि तो त्यांच्या स्वतःच्या चुकीतून आला.

२०१३च्या मे महिन्यात अमेरिकेला जाणाऱ्या एका मुलीचं कर्ज त्यांनी मंजूर केलं. डॉलर तेव्हा पंचावन्न रुपयांच्या आसपास होता आणि त्यांनी संपूर्ण खर्च त्याच दराने रुपयांत मांडला, वर काहीही राखलं नाही. त्या उन्हाळ्यात अमेरिकी मध्यवर्ती बँक बाजारात पैसा ओतणं कमी करणार अशी नुसती चाहूल लागली आणि जगभरातून पैसा मायदेशी वळला. ऑगस्टअखेर डॉलर अडुसष्टच्या पुढे गेला. मुलीच्या फीचा पहिला हप्ता नेमका तेव्हाच भरायचा होता. वीस हजार डॉलरमागे अडीच लाखांहून जास्त खड्डा पडला. मंजूर रक्कम वाढवायची तर प्रस्ताव पुन्हा वर पाठवायचा, आणि भरण्याची तारीख तर आठवड्यावर आलेली. शेवटी वडिलांनी पतपेढीतून जादा व्याजाने पैसे उचलले. त्यांनी मॅडमना एका शब्दानेही दुखवलं नाही. त्यामुळेच असेल, मॅडमना ती गोष्ट अजून टोचते. पुस्तकात विनिमयदराची जोखीम त्या दोनदा शिकल्या होत्या, दोन्ही परीक्षांना. आता कुठल्याही परदेशी विद्यापीठाचा खर्च त्या आजच्या दराने एकदा आणि दहा टक्के चढ्या दराने एकदा, असा दोन रकान्यांत मांडतात. दुसरा रकाना पाहून कुटुंबाची निवड बदलल्याचं त्यांनी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

हप्त्याचा हिशेबही त्या तिथंच करून दाखवतात. चाळीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के दर. एका वर्षाचा अभ्यासक्रम आणि त्यावर हप्त्यांना आणखी एक वर्षाची सूट. पण सूट हप्त्यांना असते, व्याजाला नाही. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली तर दोन वर्षांत सरळव्याजानेच आठ लाख चाळीस हजार चढतात. मग अठ्ठेचाळीस लाख चाळीस हजारांवर दहा वर्षांसाठी हप्ता येतो महिना सुमारे पासष्ट हजार. पंधरा वर्षं घेतली तर साडेत्रेपन्न. हा आकडा त्या आईवडिलांना सांगत नाहीत, मुलाला स्वतःच्या हाताने लिहायला लावतात. मग विचारतात, “समजा तिथं नोकरी नाही लागली आणि तू पुण्यात परत आलास. पहिल्या पगारातून हा जाईल?” प्राप्तिकरात व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुनी करपद्धत निवडली तर, हेही त्या सांगून टाकतात, नाहीतर मूल ती रक्कम गृहीत धरून बसतं.

लोकांना वाटतं की विद्यापीठ निवडलं जातं आणि मग कर्ज मागितलं जातं. प्रत्यक्षात उलटही घडतं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेचं तारण लागत नाही. त्या रेघेच्या पलीकडे गेलं की लागतं. आणि तारण म्हणजे काय, इथं गावाकडून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो. वाळव्याहून आलेले एक गृहस्थ बारा एकर उसाचा सातबारा घेऊन आले होते. नदीकाठची बागायत जमीन, किंमत कोटीत. पण कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेण्याचा अधिकार बँकांना ज्या २००२च्या सरफेसी कायद्याने दिला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठीच ती तरतूद आहे आणि मॅडमना ती योग्यच वाटते. फक्त तिचा अर्थ असा होतो, की बारा एकरांच्या मालकाच्या मुलाला जे विद्यापीठ मिळत नाही, ते सिंहगड रोडवरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवाल्याच्या मुलीला मिळतं.

यावरचा एक रस्ता म्हणजे बँकांच्या स्वतःच्या याद्या. ठरावीक नामांकित संस्थांना बऱ्याच बँका तारणाशिवाय मोठं कर्ज देतात. त्यामुळे मुलं कधी कधी अभ्यासक्रम न पाहता यादीतलं नाव पाहून अर्ज करतात. मॅडमना हे आवडत नाही, पण त्यांना दोष मुलांचा वाटत नाही.

रँकिंगची गोष्ट मात्र त्या हसण्यावारी नेत नाहीत. काहींसाठी ती खरोखरच अट असते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळते ती विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असेल तरच. मराठवाड्यातला एक मुलगा तिच्यावर लंडनला गेला. बँकेकडे तो आला होता केवळ विमानाचं तिकीट आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांची सोय करण्यापुरता. त्याच्यासाठी क्रमांक म्हणजे दाराची कडी होती. त्याच्या फायलीच्या निमित्ताने मॅडमनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा काळ पहिल्यांदा तारखांसकट वाचला, आणि बँकेच्या माणसाने वाचावा तसा वाचला. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंड. १९१३ साली कोलंबिया, १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. आणि १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट सोडून परत. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पैसे, आणि १९२०मध्ये पुन्हा लंडन. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पूर्ण झाला. सार्वजनिक वित्त हाच तर त्यांचा विषय. मॅडम म्हणतात, पैसे संपले म्हणून मधेच परतावं लागलेल्या मुलाची फाइल ‘थकीत’ म्हणून बंद करताना मला आता १९१७ आठवतं.

ज्यांना अशी अट नाही, त्यांना मात्र त्या क्रमवारी कशी बनते ते विचारतात. फायनान्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची बरीच पाहिली जाणारी एक क्रमवारी ‘फायनान्शियल टाइम्स’ची. तिच्यात माजी विद्यार्थ्यांच्या पगाराला मोठं वजन आहे. पण तो पगार बाजारातल्या डॉलरच्या दराने बदललेला नसतो, तिथल्या स्वस्ताईचा विचार करून, क्रयशक्तीच्या हिशेबाने बदललेला असतो. भारतात कमावलेला रुपया या पद्धतीत तिपटीहून जास्त मोठा दिसतो. तुलनेसाठी ते रास्त आहे; पण हप्ता बँकेत क्रयशक्तीने भरता येत नाही. एका मुलाने तक्त्यातला पगार सरळ त्या दिवशीच्या दराने गुणून आणला होता. मॅडमनी त्याला खाली बारीक अक्षरातली टीप दाखवली. तो कितीतरी वेळ त्या टिपेकडेच पाहत राहिला.

विषयांची यादी वाचायला त्या उशिरा शिकल्या, पण आता त्यांना तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. पदव्यांची नावं फसवी आहेत. फायनान्स, अकाउंटिंग अँड फायनान्स, फायनान्शियल इकॉनॉमिक्स, फायनान्शियल इंजिनिअरिंग : बाहेरून चुलत भावंडं वाटतात, आत वेगवेगळी घरं. शेवटची पदवी म्हणजे जवळजवळ गणिताची. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनने १९९४ साली अशी पदवी सुरू केली. न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजसारख्या सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम आज बड्या खासगी विद्यापीठांच्या बरोबरीने नावाजला जातो, आणि त्या मानाने फी बेताची असते. पण तिथं प्रायिकता, विकलनाची समीकरणं आणि प्रोग्रॅमिंग पक्कं लागतं. अकरावीत गणित सोडलेला कॉमर्सचा एक हुशार मुलगा अशा एका अभ्यासक्रमाला गेला. ट्रेडिंग रूमचे, ओळीने मांडलेल्या ब्लूमबर्ग टर्मिनलचे फोटो पाहून. पहिल्या सत्रानंतर त्याने रात्री मॅडमना व्हॉट्सॲपवर लिहिलं, “वर्गात शिक्षक काय बोलतात तेच कळत नाही.” पुढे त्याने अभ्यासक्रम बदलून घेतला आणि एक सत्र वाया गेलं. त्याला तिथं पाठवणारे सल्लागार त्याच्याकडून एक पैसाही घेत नव्हते, याचं घरच्यांना कौतुक होतं. प्रवेशामागे विद्यापीठाकडून दलाली मिळते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या पदवीत आणखी एक गोष्ट अंगावर येते. मूल सप्टेंबरअखेर पोचतं. मोठ्या बँकांचे पुढच्या वर्षीच्या भरतीचे अर्ज तेव्हा आधीच सुरू झालेले असतात. खोली मिळून चादर अंथरेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, आणि एकही परीक्षा न दिलेल्या मुलाने आपण इथं काय शिकलो ते मुलाखतीत सांगायचं असतं. ज्यांनी भारतात दोन वर्षं काम केलेलं असतं त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असतं. म्हणून थेट बी.कॉम.च्या निकालावरून उठून आलेल्या मुलांना मॅडम आधी नोकरी करायला सुचवतात. सगळ्यांनाच ते रुचत नाही.

घराजवळच्या संस्थांचा विषय काढला की पालकांचे चेहरे पडतात. चर्चगेटजवळचं जमनालाल बजाज, १९६५ पासूनचं. तिथं एमएस्सी फायनान्स आहे आणि नोकरदारांसाठी संध्याकाळची पदवीही. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट, रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली उभी राहिलेली आणि धनंजयराव गाडगीळांनी घडवलेली; तिथं फायनान्शियल इकॉनॉमिक्सची एमएस्सी आहे. कोंढव्यात रिझर्व्ह बँकेने १९६९ साली काढलेली बँक व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था. पाताळगंगेला सेबीची रोखे बाजाराची संस्था. मुंबईतल्या म्युच्युअल फंडांत, दलाली पेढ्यांत, पतमापन संस्थांत इथून गेलेली माणसं बसलेली आहेत, आणि नवख्याला आत घेताना ओळखीचं कॉलेज दिसलं की दार थोडं लवकर उघडतं. ज्याला अखेर मुंबईतच काम करायचंय, त्याने चाळीस लाख कशासाठी खर्चायचे, असं मॅडम स्पष्ट विचारतात. इथं प्रवेश परीक्षा कठीण आणि जागा मोजक्या, हे खरं उत्तर त्यांना कधीतरी मिळतं. ते त्यांना पटतं.

यंदाच्या मोसमात इस्लामपूरची एक मुलगी आली होती. दोन वर्षं खराडीत एका परदेशी कंपनीच्या फंड अकाउंटिंग विभागात काम केलेली. रोज रात्री युरोपातल्या फंडांची किंमत काढून पाठवणं हे तिचं काम. तिच्याजवळ दोन पत्रं होती. एक लंडनचं, एक वर्षाचं. दुसरं फ्रँकफर्टच्या सरकारी विद्यापीठाचं, दोन वर्षांचं, इंग्रजीतून. वडील माध्यमिक शिक्षक, त्यांनी फ्लॅटची कागदपत्रं आणली होती. त्यांच्या मनात लंडन होतं. मुलीने मॅडमच्या प्रश्नाची वाट न पाहता वही उघडली. दोन रकाने. चढा दरही तिने स्वतःच मांडला होता.

फ्रँकफर्टला शिक्षण शुल्क नाही, सत्रागणिक किरकोळ वर्गणी, तिच्यातच शहराच्या गाड्यांचा पास. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक केलेल्या खात्यात ठेवायचे. दुसऱ्या वर्षाचा खर्च काम करून. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. युरोपची मध्यवर्ती बँक त्याच शहरात, आणि ज्या फंडांचे हिशेब ती रात्री करते त्यांतले काही तिथलेच.

“आणि जर्मन?” मॅडमनी विचारलं. “वर्ग इंग्रजीत, पण ऑफिस?”

“मॅक्स म्युलर भवनात बी-वन चालू आहे. शनिवार-रविवार.”

दुसऱ्या वर्षी काम वेळेवर नाही मिळालं तर, हे मॅडमनी दोनदा विचारलं. मुलीने बचतीचा आकडा दाखवला. तो पुरेसा नव्हता, सहा-सात महिन्यांपुरता होता, आणि ते तिने तसंच सांगितलं. मॅडमनी वहीत त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. पदवी पुरी व्हायला तिकडे पुष्कळांना दोनाची अडीच वर्षं लागतात, तीही जमेस धर, म्हणाल्या. मुलीने तिसरा रकाना आखला आणि तिथंच बसून भरला. दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही.

मग तिने अर्जात रक्कम लिहिली : साडेसात लाख.

वडिलांनी तोवर इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीच्या पावत्या असं सगळं टेबलावर ओळीने मांडलं होतं. “यातलं काय काय लागेल, मॅडम?” त्यांनी विचारलं. मॅडमनी ते कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि त्यांच्या हातात परत दिले. ते काही वेळ हातात धरून बसले. मग मुलीने पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि त्यांनी एकेक कागद आत ठेवला.